ऋतू ओळखणारे छप्पर



पीक, खत, कीड हे आमच्या खात्याचे नेहमीचे विषय. आज मात्र मी शेतातून घरात येणार आहे, आणि घरातही थेट छपरावर चढणार आहे. उन्हाळ्यात भाजणाऱ्या आणि हिवाळ्यात गारठणाऱ्या पत्र्याच्या छपराविषयी मला चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण त्या चुकीनेच मला हा विषय शिकविला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. निफाड तालुक्यातील एका मळ्यात मी द्राक्षाची खरड छाटणी पाहायला गेलो होतो. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन शाळकरी नातवंडे. जुने धाब्याचे घर पावसात ढासळले, म्हणून त्यांनी तीन खोल्यांचे नवे घर बांधले होते. वर नवा कोरा, चकचकीत पत्रा. चैत्राचे ऊन तापले होते आणि घरात पाय ठेववत नव्हता. आजी दिवसभर लिंबाच्या झाडाखाली बाजेवर पडून असत. रात्रीही खोलीत झोप नाही.

“साहेब, पिकावर औषध सांगता, तसं या घरावर काही सांगा की,” आजी म्हणाल्या.

मी कुक्कुटपालनाच्या शेडवर पांढरा रंग मारलेला पाहिला होता. कोंबड्यांची मर त्याने कमी होते हे ठाऊक होते. मी मुलाला सल्ला दिला, “चुना पावसात धुऊन जातो. त्यापेक्षा पत्र्यावर बाहेरून टिकाऊ पांढरा रंग द्या. एकदा खर्च होईल, पण पुढे काही वर्षे पाहायला नको.” त्याने तसे केले. वैशाखात गेलो तर आजी दुपारच्या ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. “आता घरात बसवतं,” म्हणाल्या. मला फार समाधान वाटले.

त्याच वर्षी पौषात पुन्हा त्या बाजूला गेलो. थंडीची लाट आलेली. बागेत पहाटे शेकोट्या पेटवून लोक मणी जपत होते. घरात आजी घोंगडी गुंडाळून शेगडीजवळ बसल्या होत्या आणि दाराबाहेर दोरीवर गोधड्या वाळत होत्या.

“साहेब, तुमच्या रंगानं उन्हाळ्यात जीव गार केला खरा. पण आता बघा, रातभर वरून थेंब पडतात. पावसाळा सरला तरी माझं घर गळतंय. मागल्या हिवाळ्यात असं नव्हतं.”

मला वाटले, पत्र्याचे खिळे सैल झाले असतील. मुलगा वर चढून पाहून आला. भोक कुठेच नाही. पत्र्याची खालची बाजू मात्र ओली होती. पत्रा इतका गार पडत होता की माणसांच्या श्वासातली आणि चुलीवरच्या भांड्यांची वाफ त्याला लागून तिचे पाणी होत होते. धाकट्या नातवाला खोकला लागला होता. मी दिलेला सल्ला अर्धा बरोबर निघाला होता, आणि उरलेला अर्धा आजींच्या गोधडीवर टपकत होता.

असे का झाले, ते समजून घेतले तर जगातले शास्त्रज्ञ आज कशाच्या मागे लागले आहेत तेही आपोआप कळेल.

छपराची दोन कामे

छपराला दोन कामे करावी लागतात. पहिले काम म्हणजे दिवसाचे ऊन परतवून लावणे. पांढरा रंग हे काम चांगले करतो. काळे ऊन पिते आणि पांढरे परतवते, हे पांढरे धोतर नेसणाऱ्याला सांगायला नको.

दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या अंगातली ऊब किरणांच्या रूपाने बाहेर सोडत असते. विझलेल्या चुलीजवळ हात धरला तर ज्वाळ नसतानाही धग लागते, ती या किरणांची. छप्परही अशी ऊब रात्रंदिवस आकाशाकडे सोडत असते.

सगळ्या वस्तू मात्र सारखी ऊब सोडत नाहीत. माती, कौल, चुना, रंग, झाडाचे पान ही ऊब सोडण्यात उदार. चकचकीत धातू फार कंजूष. नवा पत्रा ऊन बऱ्यापैकी पितो, पण पिलेली उष्णता वर सोडायला तयार नसतो. म्हणून तो भट्टीसारखा तापतो. त्यावर रंग दिला की दोन गोष्टी घडतात. ऊन परतू लागते, आणि पत्र्याचा कंजूषपणा जाऊन तो उदार होतो. उन्हाळ्यात हे दोन्ही गुण आपल्या फायद्याचे.

हिवाळ्यात तेच दोन्ही गुण उलटतात. दिवसा हवेहवेसे वाटणारे ऊन रंग परतवून लावतो आणि रात्री घरातली ऊब आकाशात उधळतो. कंजूष पत्र्याने मागल्या हिवाळ्यात आजींची ऊब धरून ठेवली होती. मी त्याला उदार केले आणि तो आजींची गोधडी भिजवू लागला.

रात्रीचे आकाश ऊब ओढते

ही ऊब जाते कुठे? हे आपण रोज पाहतो, फक्त तसा विचार करीत नाही. हिवाळ्याच्या सकाळी अंगणात उघड्यावर ठेवलेले घमेले दवाने भिजलेले असते, आणि मांडवाखाली ठेवलेले कोरडे असते. हवा दोन्हीकडे सारखीच. उघड्यावरच्या घमेल्याने आपली ऊब आकाशाला देऊन टाकली, मांडवाखालच्याला मांडवाने झाकले. ढगाळ रात्र उबदार आणि निरभ्र रात्र बोचरी, हेही त्यामुळेच. ढग म्हणजे पृथ्वीवर पांघरलेली गोधडी. द्राक्ष बागाईतदाराला निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीची धास्ती वाटते ती उगीच नव्हे.

आपल्या भोवतालची हवा उबेचे बरेचसे किरण अडविते. पण काही ठरावीक किरणांना ती अडवीत नाही. जणू भिंतीत एक खिडकी राहून गेली आहे. या खिडकीतून ऊब थेट अंतराळात निघून जाते, आणि अंतराळ तर शून्याखाली सुमारे २७० अंश इतके थंड. हवा कोरडी असली की खिडकी सताड उघडी, दमट असली की अर्धी मिटलेली, आणि ढग आले की बंद.

आपल्या देशातील लोकांनी या खिडकीचा उपयोग फार पूर्वी केला होता. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजाने अलाहाबादकडे पाहिलेली बर्फ करण्याची रीत १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत छापून आली. उघड्या माळावर उथळ खड्डे खणून त्यांत उसाची वाळकी कांडे किंवा मक्याची ताटे जाड पसरीत. त्यावर मातीच्या उथळ परळांत उकळून गार केलेले पाणी ठेवीत. हिवाळ्यातील निरभ्र रात्री, वारा पडलेला असला की पहाटे त्या परळांत बर्फ धरलेला असे. दिवस उगवण्यापूर्वी माणसे तो गोळा करून खोल खड्ड्यात दाबून ठेवीत, म्हणजे उन्हाळ्यात कामी येई. परळांच्या पाझराने थोडी मदत होत असेल, पण मोठे काम त्या उघड्या आकाशाचे. जमिनीकडून येणारी ऊब ताटांनी अडविली, आणि पाण्याची ऊब आकाशाने ओढून घेतली.

हे सारे रात्रीचे झाले. भर उन्हातही आकाशाकडून असा गारवा मिळविता येईल का, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला. अडचण एवढीच की, दिवसा छप्पर जितकी ऊब सोडते त्याच्या कितीतरी पट ऊन त्यावर पडते.

भर दुपारी हवेहून गार

२०१४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील आस्वथ रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखविले. त्यांनी चांदीच्या थरावर इतर पदार्थांचे सात अति पातळ थर देऊन एक तबकडी तयार केली. तिच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी शेकडा ९७ भाग ती परतवी आणि आपली ऊब नेमकी त्या खिडकीतून बाहेर सोडी. भर उन्हात छपरावर ठेवलेली ही तबकडी भोवतालच्या हवेपेक्षा जवळजवळ ५ अंश सेल्सिअसने गार राहिली. विजेचा एक कणही खर्च न होता.

२०१७ साली कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी काचेचे अति सूक्ष्म मणी घालून प्लास्टिकचा पातळ कागद केला आणि त्याच्या पाठीला चांदीचा थर दिला. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील शिउलिन रुआन यांच्या गटाने बेरियम सल्फेट वापरून असा पांढरा रंग केला की उन्हापैकी शेकडा ९८ हून थोडा अधिक भाग तो परतवितो. पोटाचा एक्स-रे काढताना रोग्याला पांढरे औषध पाजतात, तेच हे बेरियम सल्फेट.

वाचकहो, हे सारे शोध उन्हाळ्याचे. या रंगांना फक्त गार करणे ठाऊक. पौषाच्या पहाटेही ते आपले काम इमानाने करीत राहतात, आणि घरात हीटर लावणाऱ्याचा उन्हाळ्यात वाचलेला पैसा हिवाळ्यात जातो. जी चूक मी निफाडात केली, तीच अडचण थोरामोठ्यांच्या प्रयोगशाळेतही पुढे उभी होती. हे वाचल्यावर मला, खरे सांगतो, थोडे हायसे वाटले.

खोबरेल तेलाची युक्ती

यावर उपाय काय? छपराला ऋतू ओळखता आला पाहिजे. उन्हाळ्यात त्याने उदार व्हावे आणि हिवाळ्यात कंजूष. तेही कोणी कळ न दाबता, वीज न लागता, आपोआप.

माझा भाचा महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवितो. त्याने मला हे समजावून सांगताना देवळीतली खोबरेल तेलाची बाटली पुढे ठेवली. “मामा, हे तेल हिवाळ्यात थिजतं आणि उन्हाळ्यात पातळ होतं. त्याला कोणी सांगायला जातं का? ठरावीक उष्णतेला त्याचा स्वभाव बदलतो. असाच स्वभाव बदलणारा पदार्थ छपरावर लावायचा.”

तो पदार्थ म्हणजे व्हॅनेडियम डायऑक्साइड. व्हॅनेडियम ही एक धातू, पोलाद बळकट करण्यासाठी वापरतात. तिच्या या संयुगाचा चमत्कारिक गुण अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या मोरिन यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला. सुमारे ६८ अंशांच्या खाली हा पदार्थ धातूसारखा वागत नाही. त्याहून तापला की एकाएकी धातूसारखा वागू लागतो. निवला की पुन्हा पहिल्यासारखा. खोबरेल तेल वितळते, हा मात्र घनच राहतो, फक्त आतली मांडणी बदलते.

६८ अंशांचा आपल्याला काय उपयोग? घराला तर २०-२५ अंशांच्या आसपास बदल हवा. त्यात अगदी थोडे टंगस्टन मिसळले की हा आकडा खाली येतो. जुन्या विजेच्या दिव्यातली तार असे, तीच ही धातू. शंभरात दीड भाग एवढ्या मिसळीने तो घराच्या सोयीच्या उष्णतेपर्यंत उतरविता येतो.

अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठ आणि तेथील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळा यांतील जुनचियाओ वू आणि सहकाऱ्यांनी यापासून छपराचा लेप तयार केला आणि डिसेंबर २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो जाहीर केला. रचना अशी: तळाशी चांदीचा थर, म्हणजे आरसा. त्यावर उबेचे किरण आरपार जाऊ देणारा एक थर. आणि सर्वांत वर टंगस्टन मिसळलेल्या त्या पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे लहान लहान चौकोन.

थंडीत वरचे चौकोन उबेच्या किरणांना पारदर्शक होतात आणि खालचा आरसा उघडा पडतो. आरसा हा आपल्या नव्या पत्र्याचा भाऊ. तो ऊब सोडीत नाही, घरातली ऊब घरात राहते. हवा तापली की तेच चौकोन धातूसारखे वागू लागतात, आणि ते व खालचा आरसा मिळून ऊब आकाशाकडे फेकू लागतात. आकडे सांगायचे तर १५ अंशांच्या खाली हा लेप शंभरातली २० भाग ऊब सोडतो, ३० अंशांच्या वर तोच ९० भाग सोडतो. दिवस-रात्र, वर्षभर, आपोआप.

बर्कलीत एका घराच्या छपरावर ठेवून त्यांनी हा लेप प्रत्यक्ष तपासला. मग अमेरिकेच्या निरनिराळ्या हवामानांचा हिशेब मांडला. तिथल्या १५ हवामान-विभागांपैकी १२ विभागांत हा लेप बाजारातल्या छपराच्या रंगांपेक्षा सरस ठरेल, असा निष्कर्ष निघाला. ज्या भागात उन्हाळा कडक आणि हिवाळाही कडक, किंवा दिवस तापतो आणि रात्र गारठते, तिथे फायदा जास्त. वाचताना मला आपला खानदेश आठवला, निफाड आठवले, विदर्भ आठवला.

त्याच वेळी सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातील संशोधकांनी याच पदार्थावर आधारलेली खिडकीची काच पुढे आणली. म्हणजे हे काम एकाच ठिकाणी अडकलेले नाही.

हे आपल्याला कधी मिळणार?

हे वाचून कोणी तालुक्याच्या रंगाच्या दुकानात जाऊन ‘ऋतू ओळखणारा रंग द्या’ म्हणेल, म्हणून स्पष्ट सांगतो. हा लेप आज आपल्या दुकानांत मिळत नाही. तो प्रयोगशाळेतील खास यंत्रांनी, फार पातळ थरांनी तयार होतो. त्यात चांदी आहे. स्वस्तात, एकरभर छपरावर पसरेल इतका करणे हे वेगळे काम आहे.

त्यातही दोन मर्यादा आहेत. हा लेप ऊब सोडण्याचे काम बदलतो, ऊन पिण्याचे काम बदलत नाही. उन्हातला सुमारे चौथा भाग तो वर्षभर सारखाच पितो. तेव्हा हिवाळ्याचे कोवळे ऊन पूर्णपणे घरात घेण्याची युक्ती त्यात नाही. दुसरी मर्यादा आपल्या धुळीची. उन्हाळी वावटळीत आपल्या छपरावर जी माती बसते, ती कोणत्याही लेपाचा गुण झाकते. तेव्हा कोणी विक्रेता अशा नावाखाली महाग डबा घेऊन दारात आला तर पाकीट उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

मग एवढे सांगून उपयोग काय, असे तुम्ही म्हणाल. उपयोग हा की, लेप मिळाला नाही तरी त्यामागचा विचार आजच आपल्या हातात आहे. छप्पर ऋतूप्रमाणे बदलले पाहिजे. शास्त्रज्ञ ते आपोआप व्हावे म्हणून झटतात. आपल्याला ते हाताने करता येते.

चुन्याचा मोठेपणा

मी आजींच्या मुलाला म्हणालो होतो, “चुना पावसात धुऊन जातो.” हा चुन्याचा दोष म्हणून मी सांगितले. आता मला वाटते, थंडीच्या मुलुखात हाच त्याचा गुण आहे. फाल्गुनात चुना लावावा. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ त्याने ऊन परतवावे. मृग-आर्द्रांच्या पावसाने तो हळूहळू उतरावा. कार्तिकात पत्रा पुन्हा बराचसा उघडा. ऋतू ओळखणारे असे छप्पर आपल्या पदरात आहेच, फक्त त्याला दरवर्षी एक दिवस हात लावावा लागतो.

चुन्याची किंमत मोठ्या शहरांनीही ओळखली आहे. २०१० च्या भयंकर उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेपासून बचावाची योजना आखली, आणि २०१७ मध्ये तेथील गरीब वस्त्यांतील हजारो छपरांवर पांढरा चुना दिला. तेलंगणाने तर २०२३ साली गार छपरांसाठी राज्याचे धोरणच जाहीर केले.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगतो.

१. चुनकळी आदल्या दिवशी संध्याकाळी भिजत घाला. चुनकळीवर पाणी टाकताना ती उकळते आणि उडते, म्हणून लहान मुलांना दूर ठेवा, डोळे जपा. प्लास्टिकची पातळ बादली वापरू नका. सकाळी कापडातून गाळून घ्या.

२. चिकटपणासाठी भाताची पेज किंवा डिंकाचे पाणी घाला. भिंतीच्या चुन्यात काही जण मीठ टाकतात. पत्र्यासाठी मीठ नको, पत्रा गंजतो.

३. पत्रा आधी धुऊन कोरडा करा. धूळ, तेलकटपणा राहिला तर चुना धरत नाही. पातळ दोन हात द्या. एकच जाड हात दिला तर पोपडे निघतात.

४. काम सकाळी लवकर करा. पत्र्यावर थेट पाय देऊ नका. खालच्या वाशांवर येईल अशी फळी आडवी टाकून तिच्यावर बसा. सिमेंटचे जुने पत्रे तर पायाखाली तुटतातच, शिवाय त्यांची धूळ छातीला घातक. ते कोरडे घासू नका.

५. छपरावरचे पावसाचे पाणी साठवीत असाल तर चुना उतरेपर्यंतचे पाणी वाहून जाऊ द्या.

मुलूख तसा उपाय

कोकणात आणि गोव्यात रात्री बोचऱ्या थंडीच्या नसतात. तिथे पत्र्याला टिकाऊ पांढरा रंग दिला तरी हिवाळ्यात नुकसान नाही. मात्र हवा दमट असल्याने आकाशाची ती खिडकी अर्धी मिटलेली असते. तिथला फायदा मुख्यतः ऊन परतविण्याचा.

नाशिक, खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथे माणसे राहतात त्या खोल्यांना चुनाच बरा. ज्यांनी आधीच टिकाऊ रंग दिला आहे त्यांनी तो खरवडू नये. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचे आढे करावे. मधली हवा उन्हाळ्यात उष्णता आणि हिवाळ्यात गारवा दोन्ही अडविते, आणि थेंब अंगावर पडत नाहीत. वर वाफ जाण्यासाठी भिंतीत झरोका मात्र हवाच.

जुन्या माळवदाच्या आणि धाब्याच्या घरांविषयीही सांगितले पाहिजे. त्यावर हात-दीड हात जाडीची पांढरी माती असते. ती दिवसाचे ऊन आत पोचायलाच उशीर लावते आणि रात्री घर एकदम गारठू देत नाही. असे घर धड असेल तर केवळ नवेपणाच्या हौसेने त्यावर पत्रा चढवू नका. माती दुरुस्त करा.

गोठा आणि कोंबड्यांच्या शेडवर उन्हाळ्यात चुना अवश्य द्या. तापलेल्या पत्र्याखाली गाय चारा कमी खाते आणि दूध आटते. हिवाळ्यात पिलांच्या शेडला बाजूचे पडदे रात्री सोडा, आणि दुपारी उघडा.

आणखी एक ताकीद. गारठा फार झाला म्हणून दारे-खिडक्या बंद करून पेटती शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. तिचा विषारी धूर वास न येता माणसाला मारतो.

आजींच्या घरी

माझी चूक मी आजींच्या मुलापाशी कबूल केली. त्याने त्या पौषातच तट्ट्या आणल्या. आम्ही दोघांनी मिळून त्या आतून बांधल्या आणि वरच्या बाजूला झरोके काढले. टपटप थांबली. पुढच्या वर्षी त्याने बाजूला आणखी एक खोली वाढविली. तिच्या पत्र्याला मात्र रंग दिला नाही. दर फाल्गुनात तिच्यावर चुना चढतो, आणि चुनकळी भिजविण्याचे काम आजींनी आपल्याकडे घेतले आहे. दुसऱ्या कोणाला त्या जवळ येऊ देत नाहीत.

परवा गेलो तेव्हा त्या चुना गाळीत होत्या. मी त्यांना त्या बर्कलीच्या लेपाची हकिगत सांगितली. थंडीत आपोआप झाकते आणि उन्हाळ्यात आपोआप उघडते, असे छपराचे औषध निघाले आहे म्हणालो. त्यांनी हात न थांबवता विचारले,

“आमच्या गावात कधी यायचं ते?”

“एवढ्यात नाही, आजी.”

“मग तवर ही बादली धरा जरा. पोरगा वर चढलाय, तो खोळंबलाय.”

मी बादली धरली.